कैचीवरच्या खेपा

रोज सकाळी मी जिथं चालायला जातो त्याला आता सगळे 'ट्रॅक' म्हणतात. नदीवरचा जुना रेल्वेपूल आहे तो. वर लोखंडाच्या तिरक्या पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या. पत्र्याच्या छताला खालून जशी कैची असते तशा, म्हणून आमच्या लहानपणी त्याचं नाव नुसतं 'कैची'. "कैचीपाशी थांब", "कैचीवरून ये", असंच सगळे बोलायचे. छोट्या लाइनची गाडी त्यावरून जायची. ती लाइन बंद पडली, मोठी लाइन दुसरीकडून गेली, आणि हा बरीच वर्षं तसाच उभा राहिला. एक दिवस भंगारात जाणार असंच आम्ही धरून चाललो होतो. पण लातूर वाढत वाढत त्याच्या जवळ आलं, सकाळी चालणारी माणसं निर्माण झाली, कुठूनतरी मंजुरी आली, आणि रुळांच्या जागी जाड फळ्या बसल्या. दोन्ही बाजूंना कठडा आला, बाकं आली, दिवे आले. सगळ्याला निळा रंग दिलाय. कबूल करायला जड जातं, पण छान दिसतो.

मी काही हौसेनं चालत नाही. शुगर वाढली आणि डॉक्टरनं दम भरला. कलेक्टर ऑफिसात खुर्चीला चिकटून उभा जन्म काढला, अव्वल कारकून म्हणून रिटायर झालो, त्याची ही फळं. आमचा चालणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्यात डाळमिलवाले शेठ आहेत, कपाळावर भस्माचे पट्टे, हातात थर्मास, चहा पाजल्याशिवाय कुणाला घरी जाऊ देत नाहीत. कॉलेजातून रिटायर झालेले एक सर आहेत, त्यांना प्रत्येक गोष्टीतलं थोडं थोडं माहीत असतं. बाकीचीही सगळी भली माणसं. आमच्या ग्रुपात कोणी कोणाला जात विचारत नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत असते.

पुलाच्या तोंडाशी एक पाटी आहे. तिच्यावर माझ्या नावानं चार ओळी होत्या. गेल्या पावसाळ्यापर्यंत त्या ओळी वाचून मला बरं वाटायचं, नंतर मी मान खाली घालून तिच्यासमोरून जाऊ लागलो. तीच गोष्ट सांगायची आहे.

आमची वस्ती नदीच्या पल्याड. अल्याड गाव, गावात शाळा, गावाच्या टोकाला स्टेशन. गावाची विहीरही अल्याडच. माझ्या जन्माआधीच आमच्या घरातले देव नदीत गेले होते आणि भिंतीवर बुद्ध आला होता, पण विहिरीला हे कोणी कळवलं नव्हतं. तिथं आमच्या बायकांनी लांब उभं राहायचं, कोणाला दया आली तर वरून ओतून घ्यायचं. वस्तीत आमचा एक आड होता, त्याच्यावर निभायचं. बहात्तरच्या दुष्काळात तो आटला. आधी पाणी गढूळ झालं, मग चिखल वर यायला लागला, मग पोहरा दगडावर आपटल्याचा आवाज यायला लागला. त्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या बायका आडाभोवती जमून रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या, एवढं मला आठवतं.

गावच्या विहिरीला तळाशी थोडं पाणी होतं, त्यामुळं तिथली दयाही आटली. राहिला स्टेशनचा नळ. इंजिनाला पाणी लागायचं, म्हणून रेल्वेची स्वतःची खोल विहीर होती, पंप होता, टाकी होती आणि टाकीला एक नळ होता. तिथला मास्तर कुठला परमुलखातला माणूस. त्याला ना गावाशी देणंघेणं ना आमच्याशी. गाडी गेली की भरा, एवढंच त्यानं सांगितलं. माझी आजी घरी बसून म्हणायची, "त्यो सरकारचा नळ हाय, त्याला जात न्हाई." मग वस्तीतलं सगळं बाईमाणूस कैचीवरून स्टेशनला जाऊ लागलं.

हे सांगितलं की माझी मुलगी विचारते, नदी कोरडी होती ना, मग पात्रातूनच का नाही गेलात? डोक्यावर भरलेली घागर घेऊन आमच्या नदीची दरड एकदा चढून बघावी, मग विचारावं. दरड मातीची, उभी, आणि पात्रातली वाळू दुपारी तव्यासारखी. कैची सपाट होती. फक्त तिच्यावर चालायला काही नव्हतं. दोन रूळ, खाली लाकडी स्लीपर, आणि दोन स्लीपरांच्या मधून सरळ खालची नदी. मोठ्या माणसाचा पाय बरोबर स्लीपरवर पडायचा, लहान मुलाला उडी मारावी लागायची.

आई खडी फोडायच्या कामावर जायची, बाप तिकडं कारखान्याच्या बाजूला कामाला गेलेला, आजीला दिसत नव्हतं. घरात पाणी आणणारं माणूस उरलं एक, माझी आक्का. ती चौथीत होती, मी दुसरीत. तिच्यासारखी हुशार पोरगी त्या शाळेत नव्हती. हे भाऊ म्हणून सांगत नाही, आमचे गुरुजीच सांगायचे. पाढे म्हणायला तिला उभं करायचे आणि स्वतः खुशाल पान लावत बसायचे. आईनं तिला सांगितलं, "पाऊस पडंस्तोवर साळा ऱ्हाऊ दे बाई, मंग जा." तिनं होय म्हटलं. दप्तर खुंटीला अडकवून ठेवलं.

माझी शाळा मात्र चालू राहिली. कारण सोपं होतं, मी मुलगा होतो आणि पाण्याच्या कामाचा नव्हतो. शाळेला जायची वाटही कैचीच. मी एकटा जायला भ्यायचो, म्हणून आक्का सकाळच्या पहिल्या खेपेला मला सोबत न्यायची. खेप म्हणजे रिकामी घागर घेऊन जायचं आणि भरून आणायची, ती एक खेप. आमच्या घरात तेव्हा दिवस खेपांत मोजला जायचा. "दोन खेपा झाल्या की भाकरी टाकू", "आणखी एक खेप केली तर भांडी होतील." जाताना तिच्या एका हातात घागर, दुसऱ्या हातात मी. "खाली बघू नगं, म्होरल्या फळीकडं बघ," म्हणायची. स्टेशनाशी माझा हात सोडायची, मी शाळेकडं आणि ती नळाकडं. संध्याकाळी शाळा सुटली की मी नळापाशी तिची वाट बघायचो. येताना तिचे दोन्ही हात डोक्यावरच्या घागरीला, म्हणून मी तिच्या परकराचा काठ धरायचो. माझा अडथळाच व्हायचा तिला, पण तिनं कधी काठ सोडवून घेतला नाही.

चौथीची परीक्षा आली तेव्हा पाऊस पडायचा होता. गुरुजींनी माझ्याबरोबर निरोप पाठवला, पोरीला परीक्षेपुरती तरी पाठवा. मी निरोप दिला. आई खडीवरून आलेली, तळहाताला फोड आलेले, त्याच हातांनी ती भाकरी थापायला बसली. परीक्षेच्या दिवशी आक्कानं मला नेहमीसारखं पलीकडं नेलं, स्टेशनाशी हात सोडला आणि नळाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढं पाऊस पडला. आडाला पाणी आलं. पण तोवर घराला तिच्या खेपांची सवय झाली होती आणि शेतात निंदणीला हात हवे होते. दप्तर माझ्या पुस्तकांना कामाला आलं.

मी त्यात काही केलं नाही, हे मला माहीत आहे. दुसरीतल्या पोराला कोण विचारतो? पण काही केलेलं नसलं तरी माणसाला मिळालेलं असतंच की. मी मॅट्रिक झालो तेव्हा लातूर जिल्हा नवा नवा झालेला. नवी ऑफिसं, नव्या जागा, रोज कुठली ना कुठली भरती. मला नोकरी लागली. आक्काचं लग्न होऊन ती तिकडं लोह्याकडं दिली होती. नवऱ्याबरोबर ती लातूरला बांधकामावर आली, तेव्हा आमच्या सरकारी इमारतींची कामं चालू होती. तिच्याकडं काम काय, तर भिंतींना पाणी मारायचं. पुढं कित्येक वर्षं ती मला चिडवायची, "तुज्या हाफिसाच्या भिताडाला पानी म्या मारलंय, म्हनून पडलं न्हाई अजून." आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीला पाठ लावून बसायचो.

अलीकडच्या दुष्काळात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तर तिनं मुद्दाम फोन केला. म्हणाली, "आता तुमी बी रेल्वेचं पानी पिऊन राहिले व्हय? ग्वाड हाय का?" मी म्हणालो, गोड आहे. "गाडी गेल्यावर भरा म्हनलं का न्हाई कुनी?" असं विचारून खदाखदा हसली. मला हसू आलं नाही. ती सहज बोलून गेली आणि मी कित्येक दिवस तेच घोळत बसलो.

आता पाटीचं. ट्रॅक तयार झाला तेव्हा ग्रुपातल्या सरांच्या डोक्यात आलं की पुलाचा इतिहास सांगणारी पाटी हवी, आणि इथलं लहानपण ज्याचं गेलं असा आपल्यात एकच माणूस आहे. शेठनी खांद्यावर हात टाकला. "लिहा की काहीतरी. लहानपणचं, गोड."

मी घरी आलो, कागद घेतला आणि लिहायला बसलो. नोटिंग-ड्राफ्टिंगमध्ये हयात गेलेली, चार ओळी म्हणजे काय मोठं काम. त्या ओळी अशा: 'बालपणी आम्ही मुले आगगाडीची शिट्टी ऐकत याच पुलावरून शाळेत जात असू. नदीकाठची बोरे वेचत असू. स्टेशनातले काका आम्हाला थंडगार पाणी पाजत. ते दिवस सोन्याचे होते.'

हे मी लिहिलं. कोणी माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. लिहिताना नळ आठवला, आक्का आठवली, आणि मी त्या नळाचे काका करून टाकले. का? कारण सकाळच्या चहात कोणाचं तोंड कडू व्हायला नको होतं. शेठनी पेला माझ्यापुढं करताना क्षणभर विचार करावा, हे मला नको होतं. ऑफिसात मी असाच टिकलो. सगळ्यांशी गोड. फाइल कोणाच्याही टेबलावर अडली नाही पाहिजे. ही सवय रिटायर होताना सरकारजमा होत नाही.

पाटी लागली. लोकांनी पाठ थोपटली. आणि गेल्या पावसाळ्यात आक्काची खुब्याची दुखणी वाढली म्हणून ती दवाखान्यासाठी आमच्याकडं येऊन राहिली. मानेचे मणकेही झिजलेत, डॉक्टर म्हणाला, वजनं उचलली का फार? ती म्हणाली, "न्हाई, पानीच." माझी बायको आमच्या घरात जरा सरळ डोक्याची आहे. ती म्हणाली, "वन्संना पूल दाखवून आणा की, त्यांचाच पूल आहे तो." मी आज नको, उद्या नको करत राहिलो. शेवटी बायकोनंच एका सकाळी रिक्षा बोलावली आणि आम्हा दोघांना आत बसवलं.

काठी टेकत आक्का कैचीच्या तोंडाशी आली. वर बघितलं, मग खालच्या फळ्यांवर काठी आपटून बघितली. "लई मजबूत केलं की रं," म्हणाली. आमची मंडळी लगबगीनं ये-जा करत होती, कोणी मनगटावरचं घड्याळ बघत, कोणी हात हलवत. तिनं थोडा वेळ बघितलं आणि मला विचारलं, "ही मानसं कामून हिकडून तिकडं, तिकडून हिकडं करून राहिली?"

"व्यायाम आहे, आक्का."

"मंजी रिकाम्या हातानं खेपा?"

शेठ तेवढ्यात जवळ आले होते. त्यांनी ते ऐकलं आणि पोट धरून हसले. "आक्का, लई भारी बोललात," म्हणाले आणि तिला स्वतःच्या हातानं चहा दिला. सगळ्यांना तो शब्द इतका आवडला की राउंड म्हणायचं बंदच झालं. "आज किती खेपा?" "माझ्या चार, तुमच्या?" सरांनी तर ग्रुपावर टाकलं, 'रोजच्या खेपा करा, निरोगी राहा.' त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना कुठं माहीत होतं खेप म्हणजे काय, आणि ते सांगणारा माणूस त्यांच्यात उभा होता आणि त्यांच्याबरोबर हसत होता.

त्याच सकाळी परतताना आक्का पाटीपुढं थांबली. तिला वाचता येतं, बोटानं एकेक अक्षर धरत का होईना, पण येतं. मी म्हणालो, चल, ऊन होईल. ती हलली नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. माझं नाव आलं तेव्हा ते दोनदा वाचलं.

"हे कोन्या गावच्या पुलाचं हाय?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच वाटलं असावं की मी दुसऱ्या कुठल्या पुलाबद्दल लिहिलंय.

मी म्हणालो, "याच."

"बोरं येचली का आपन?" ती आठवू लागली. "त्या साली तर बोरीला पाला बी नव्हता." मग माझ्या तोंडाकडं बघून तिनं स्वतःच सावरून घेतलं. "आसंल. तू येचली आसशील साळंतनं येताना. लोकास्नी वाचाया बरं वाटत आसंल, ऱ्हाऊ दे."

ती भांडली असती तर मी भांडलो असतो. मला भांडता येतं. तिनं माझी बाजू सांभाळली, लहानपणी सांभाळायची तशीच, आणि मला तोंड कुठं लपवावं कळेना. रिक्षात मी तिच्या शेजारी बसलो आणि घर येईपर्यंत तिच्याकडं बघितलं नाही.

ती गावी गेली. मला पाटीपुढून जाता येईना. दोन-चार दिवस शुगरचं निमित्त करून घरीच बसलो, मग बायकोनं ठणकावलं, "चुकलं तर खोडा आणि नीट लिहा, हेच केलंत ना आयुष्यभर?" मी नवा मजकूर केला. त्यात आड, विहीर, नळ, खेपा, सगळं लिहिलं, कोणाला विहिरीवर येऊ देत नव्हते तेही लिहिलं. आणि दुसऱ्या दिवशी शेठना बाजूला घेतलं. माझी तयारी जय्यत होती. ते म्हणणार, जुनं कशाला उकरता. मग मी असं म्हणणार. ते तसं म्हणणार. मग मी त्यांना सुनावणार. रात्रभर मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडलो होतो आणि जिंकलोही होतो.

शेठनी कागद सावकाश वाचला. पेला खाली ठेवला. त्यांचा चेहरा उतरला हे मला दिसलं. मग म्हणाले, "मी तुम्हाला गोड लिहा म्हणालो, ते चुकलंच माझं. पण तुम्ही हे लिहून आणलं असतं तर मी नको म्हणालो असतो का, ते मला माहीत नाही. तुम्ही आणलंच नाही ना." कागदाची घडी घालत म्हणाले, "पेंटरला मी सांगतो. आणि त्या खेपांचं... मी सगळ्यांना सांगतो."

एवढ्यावर झालं. भांडण तर सोडाच, साधा आवाज चढला नाही. मला मोकळं वाटायला हवं होतं. उलट आणखीच लाज वाटली, कारण ज्या माणसाला मी इतकी वर्षं मनातून भीत आलो, तो माझ्यापुढं मान खाली घालून बसला होता, आणि मी त्याला कधी सांगूनच बघितलं नव्हतं.

पेंटर आला. मी त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसलो, अक्षर चुकू नये म्हणून. जुन्या ओळींवर त्यानं निळा हात मारला. नव्या मजकुरात शेवटी मी आक्काचं नाव घालणार होतो. तिला विचारायला पाहिजे म्हणून तिथूनच फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं.

ती ऐकत राहिली. म्हणाली, "नळाच्या मास्तराचं लिवलंस ते बरं केलं. चांगला मानूस व्हता."

"तुझं नाव घालतोय शेवटी. घालू ना?"

"माजं कशाला? लई जनी व्हत्या."

"तुझं मला घालायचंय."

पलीकडं कोंबड्यांचा आवाज येत होता.

"घालायचं तर म्होरं चौथी पास घाल," ती म्हणाली.

मी पेंटरला हातानं थांबवलं.

"परीक्षा न्हाई दिली, मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "पन दिली आसती तर झाले आसते का न्हाई? तूच सांग. तुला तर सगळं खरंच लिवायचंय म्हनतो."

"झाली असतीस," मी म्हणालो.

"मंग?"

फोन ठेवून मी पेंटरला तिचं नाव सांगितलं. त्यानं ते लिहिलं आणि पुढं काय म्हणून माझ्याकडं बघितलं. चौथी, असं मी म्हणालो. नुसतं चौथी की चौथी पास, त्यानं विचारलं.

"पास," मी म्हणालो.